'विंड', 'अँड' आणि 'ट्रुथ' : एक पुस्तक फोडल्याच्या नोंदी

रविवार, ८ डिसेंबर २०२४

पुस्तक आलं. ब्रँडन सँडरसनचं 'विंड अँड ट्रुथ', 'स्टॉर्मलाइट अर्काइव्ह' या त्याच्या फँटसी मालिकेचा पाचवा भाग, परवाच ६ तारखेला प्रसिद्ध झालेला. खोक्यात कागदाचा एक बोळासुद्धा घातलेला नव्हता, त्यामुळे पुठ्ठ्याचा वरचा कोपरा चेपलाय. परत पाठवलं तर आणखी आठवडा जाणार. "चार वर्षं थांबलीस, आठवड्यानं काय होतंय," इति आई. ठेवून घेतलं.

आईच्या केक करायच्या काट्यावर ठेवून पाहिलं. दीड किलोच्या पुढे गेलं. पानं तेराशेच्या वर, शब्द जवळजवळ पाच लाख.

पहिला भाग 'द वे ऑफ किंग्ज' २०१० चा. तो मला दादानं कॉलेजात असताना दिला. दादा म्हणजे आतेभाऊ, पिंपरीला असतो. तेव्हापासूनचा रिवाज असा, की प्रत एक, खर्च निम्मा-निम्मा, आणि जो आधी वाचेल त्यानं तोंडाला कुलूप लावायचं. २०१७ साली तिसरा भाग त्यानं दोन महिने दाबून ठेवला होता, ते मी विसरलेले नाही. या खेपेला फोनवर म्हणाला, "तू आधी वाच. पण संक्रांतीला मला हवं."

देते म्हणाले. शब्द दिला.

मंगळवार, १० डिसेंबर

मेट्रोनं ऑफिसला, वनाझ ते कल्याणीनगर. सकाळी वनाझलाच चढत असल्यामुळे बसायला मिळतं, तेव्हा ठीक. संध्याकाळी उभं राहावं लागतं. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात हे धूड, आणि पान उलटायचं तर तिसरा हात आणायचा कुठून? डेक्कन येईस्तोवर मनगट भरून आलं. समोरच्या आजींनी विचारलं, "शब्दकोश का गं?"

पहिला दिवस अजून संपलेला नाही. माझा नाही, पुस्तकातला. सगळी कादंबरी दहा दिवसांत घडते. चौथ्या भागाच्या शेवटी करार ठरला होता, की दहा दिवसांनी माणसांचा नेता डॅलिनार आणि शत्रू देव ओडियम यांचा एकेक योद्धा लढणार आणि जगाचा निकाल लागणार. त्याप्रमाणे पुस्तकाचे भागही 'दिवस पहिला', 'दिवस दुसरा' असेच पाडलेत. प्रत्येक दिवसानंतर थोडी आडवाट, भलत्याच कुणाची तरी प्रकरणं, आणि मग पुढचा दिवस.

रविवार, १५ डिसेंबर

ठरलं. पुस्तकाचे तीन भाग करायचे. आपल्याकडे या मालिकेच्या आधीच्या ज्या कागदी बांधणीच्या प्रती मिळायच्या, त्या दोन-दोन खंडांतच यायच्या. त्यामुळे हा प्रश्न कधी आला नव्हता. या वेळी कापडी बांधणीची प्रत घ्यायची हौस मीच केली.

फायदे दोन. मेट्रोत वाचता येईल, आणि मी पुढचं वाचत असताना दादाला मागचं देता येईल. तोटा एकच : नवं कोरं पुस्तक कापायचं. दादाला सांगितलं तर फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "माझ्या निम्म्या भागाला हात लावू नकोस."

निम्मा भाग कुठला, ते त्याला सांगता आलं नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

ऑफिसातून येताना महापालिका स्टेशनला उतरून नारायण पेठेत बाइंडर काकांकडे गेले. बाबांच्या वकिलीच्या फायली हेच बांधायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक शिकंजा, एक हाताचं कटिंग मशीन, कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळीत मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं-वाळवी लागत नाही. तो निळसर रंग आणि वास लहानपणापासून ओळखीचा.

काकांनी पुस्तक आडवं-उभं केलं, मधोमध उघडलं, पुठ्ठ्याच्या पोकळीतून आत डोकावले.

"शिवलेलं नाही हे. नुसतं चिकटवलंय."

"एवढं जाड असून?"

"जाड असो नाहीतर बारीक, आता सगळं चिकटवतातच. जुजबंदी कोण करत बसतंय." मग माझ्याकडे बघून, "एवढं मोठं लिहिणाऱ्यानं एक दोरा मागायचा ना."

मी म्हटलं, करायचं मला आहे, तुम्ही फक्त सांगा. ते हसले. शनिवारी ये म्हणाले, सकाळी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.

शनिवार, २१ डिसेंबर

फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव चाललाय, सगळं पुणं पिशव्या भरभरून पुस्तकं घरी नेतंय, आणि मी पिशवीत पुस्तक घालून ते कापायला निघाले होते.

झालं ते असं. आधी पुठ्ठा सोडवायचा. पुस्तक उघडून पुठ्ठा आणि पानं यांच्या सांध्यावरून ब्लेड फिरवलं, दोन्हीकडून. सबंध गठ्ठा हातात आला, कासवाची पाठ काढल्यासारखा. पाठीवर आधी जाळीचं कापड, त्यावर कागदाची पट्टी, आणि खाली पिवळट गोंद, तोही काचेसारखा कडक.

मग कुठे कापायचं? मी दोन जागा ठरवल्या होत्या. चौथ्या दिवसाच्या तोंडाशी एक आणि आठव्या दिवसाच्या तोंडाशी दुसरी. दुसरी जागा मी अजून वाचलेली नव्हती, आणि शोधताना एखादी ओळ डोळ्यांखालून गेली तर चार वर्षं पाण्यात. म्हणून काकांना सांगितलं, तुम्ही 'डे एट' लिहिलेलं पान शोधा, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

"एवढं काय आहे त्यात? मरतंय का कोण?"

"तेच तर माहीत करून घ्यायचं नाहीये."

पानं उलटल्याचा आवाज. मग, "सापडलं. बघ आता. बोटानं झाकलंय."

पहिला काप मी घेतला. गठ्ठा तिथे उताणा उघडायचा, दाबायचा, आणि फटीतून ब्लेड सरळ खाली. हात थरथरला आणि तिसऱ्या दिवसाच्या शेवटच्या पानाची आतली कड तिरकी गेली. अक्षर वाचलं. दुसरा काप काकांनी घेतला, एका दमात, रेडिओवरच्या बातम्या ऐकत.

रविवार, २२ डिसेंबर

आज चिकटवण्याचं काम, सकाळी ९ ते दुपारी २.

सुटी पानं पुन्हा शिवायची म्हणजे कडेनं भोकं पाडून आरपार दोरा घालायचा. त्यात आतला समास खाल्ला जातो आणि पुस्तक सपाट उघडत नाही. जुन्या हिशोबाच्या वह्या उघडायला दोन्ही कोपरं लागतात, ते याच कारणानं. म्हणून काकांची दुसरी पद्धत. जुना गोंद मशीनवर कापून टाकायचा, जेमतेम दोन मिलिमीटर. गठ्ठा दोन फळ्यांत धरून कड मोकळी ठेवायची. मग पानं एका अंगाला वाकवायची, पत्ते पसरल्यासारखी, म्हणजे प्रत्येक पानाची केसभर कड उघडी पडते. तिच्यावर पांढरा फेविकॉल, पातळ. मग उलट्या अंगाला वाकवून पुन्हा. अशानं प्रत्येक पान शेजारच्या पानाला दोन्ही बाजूंनी धरतं. शेवटी पाठीवर करवतीनं उथळ खाचा घेतल्या, चार बोटांच्या अंतरानं, आणि त्यांत सुती दोरा गोंदात भिजवून बसवला.

"आता ओढ पान," काका म्हणाले.

ओढवेना. त्यांनीच मधलं एक पान चिमटीत धरलं आणि सगळा गठ्ठा त्या एका पानावर उचलला. माझ्या पोटात गोळा आला. पान सुटलं नाही.

रविवार, २९ डिसेंबर

पहिला भाग नुसत्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांत धरून वाचून संपवला. मेट्रोत एका हातात मावतो. कमरेच्या पिशवीत नाही मावत, पण तक्रार नाही.

आता मजकुराबद्दल. कालादिन हा या मालिकेचा जीव. शल्यवैद्याचा मुलगा, आधी सैनिक, मग गुलाम, मग वीर, आणि पहिल्यापासून मन खचलेला. फँटसीतला नायक सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, आणि लेखक ते आळस म्हणून नव्हे तर आजार म्हणून लिहितो, हे २०१० मध्ये वाचलं तेव्हा मला फार मोठं वाटलं होतं. या भागात तो सेथ नावाच्या मारेकऱ्याबरोबर शिनोव्हार देशाला निघालाय आणि वाटेत त्याला बोलतं करतोय. म्हणजे हा त्या जगातला पहिला समुपदेशक. कल्पना मला शंभर टक्के मान्य. पण संवाद! 'थेरपिस्ट' हा शब्दच येतो, तलवारी आणि वादळांच्या मधोमध. दादा वाचेल तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकेल. बरं झालं, आता वजन कमी आहे.

मला स्वतःला शब्दाचा त्रास झाला नाही. त्रास याचा झाला, की कालादिननं एक शहाणी गोष्ट केली की पुढच्या परिच्छेदात ती शहाणी का, हेही सांगितलं जातं.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

पोस्तीनचा घोळ. पोस्तीन म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटणारं जाड पान. मूळ पुस्तकाला पुढे आणि मागे रंगीत चित्रांची पोस्तीनं होती. पुढची पहिल्या भागाला गेली, मागची तिसऱ्याला. मधला भाग उघडा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून (१९४० सालची) जाड, खरबरीत, राखाडी-निळा कागद आणला. त्यात गवताच्या काड्यांसारखे तंतू दिसतात. मूळ चित्रांशी अजिबात जुळत नाही. मला तोच जास्त आवडलाय.

रविवार, ५ जानेवारी

फसलं. मधल्या भागाचे पुठ्ठे रात्री खळ लावून दाबाखाली ठेवले होते. सकाळी पाहते तर उन्हात घातलेल्या पोह्याच्या पापडासारखे वाकलेले. काकांना फोन केला.

"पुठ्ठा वाकवून पाहिला होतास का कापायच्या आधी?"

नव्हता. पुठ्ठ्यातले तंतू एका दिशेनं असतात. त्या दिशेनं तो सहज वाकतो, दुसरीनं अडतो. सहज वाकायची घडी पुस्तकाच्या पाठीला समांतर यायला हवी, तरच ओल धरूनही पुठ्ठा ताळ्यावर राहतो. मी पुठ्ठा वाचवायला आडवा कापला होता. वीस रुपयांचा पुठ्ठा वाचवून एक दिवस घालवला. कोथरूडकर शोभते, असं दादा म्हणाला.

शनिवार, ११ जानेवारी

कापड : बोहरी आळीतून आणलेलं गडद निळं बाइंडिंग क्लॉथ. तिन्ही भागांना एकच.

आता पाठीवर नाव. तीन भाग, नावात शब्दही तीनच. पहिल्यावर 'विंड', तिसऱ्यावर 'ट्रुथ' आणि मधल्यावर बिचाऱ्यावर 'अँड'. काकांनी सोनेरी अक्षरांचे ठसे तापवले, तेव्हा हसू आवरत नव्हतं त्यांना. "सासरी मधल्या जावेचं असंच असतं," म्हणाले.

हे मी चेष्टेनं केलं खरं, पण लेखकालाही नावांचा असाच नाद आहे. त्या जगात केटेक नावाचा काव्यप्रकार आहे, शब्द उलट क्रमानं वाचले तरी तेच. आणि पाच पुस्तकांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीनं मांडली तर तीही तशीच येतात. पहिल्याची टी-डब्ल्यू-ओ-के, पाचव्याच्या पूर्ण नावाची, म्हणजे 'नाइट्स ऑफ विंड अँड ट्रुथ'ची, 'अँड' सोडून, के-ओ-डब्ल्यू-टी. दुसऱ्याची डब्ल्यू-ओ-आर, चौथ्याची आर-ओ-डब्ल्यू. मधोमध 'ओथब्रिंगर'चा एकटा ओ. काकांना समजावून सांगितलं. "म्हणजे 'चिमा काय कामाची'," काका म्हणाले. अगदी तेच. फक्त चिमेला चौदा वर्षं लागली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पहिला भाग आणि तिळाच्या वड्या पिंपरीला पोचवल्या. दादानं पुस्तक हातात घेतलं, उघडलं, टेबलावर ठेवलं. ते उघडंच राहिलं. तिरकं कापलेलं पान त्यानं शोधून काढलंच. "हे तुझं," म्हणाला.

आत्यानं विचारलं, "कसलं पुस्तक?" दोघांनी एकदम उत्तर द्यायला सुरुवात केली आणि दोघंही थांबलो. चौदा वर्षांत आम्हाला हे एका वाक्यात सांगता आलेलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

मधला भाग संपला. याला 'अँड' नाव पडलं ते उगीच नाही.

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. आधी बुवा अभंग घेऊन निरूपण करतात, मग टिळा-बुक्का होतो, आणि मग आख्यान. आख्यान सुरू झालं की बुवांनी पुन्हा निरूपणात शिरायचं नाही, श्रोते चुळबुळ करतात. इथे दर आख्यानात निरूपण आहे. डॅलिनार, त्याची बायको नवानी आणि सून शलान अध्यात्मलोकात अडकून हजारो वर्षांपूर्वीचे देखावे बघतात. मालिकेची कोडी सुटतात तिथे, आणि त्यांची उत्तरं मला हवी होतीच. पण उत्तर मिळताना मी कुणाच्या तरी मागे उभी राहून नोट्स काढतेय असं वाटत राहिलं. शंभर पानं गाळली असती तर माझा मधला भाग दंडावर पेललाही असता.

आणि मग अडोलिन येतो. डॅलिनारचा मुलगा, ज्यानं कसली शपथ घेतलेली नाही, ज्याला कसली जादू येत नाही, सगळे देवमाणूस होत असताना जो नुसता चांगला तलवारबाज आणि कपड्यांचा शौकीन राहिला. अझिमिर शहर वाचवायला त्याला पाठवतात. शहराचा बादशहा एक पोरगा आहे, रिवाजांच्या आणि जड झग्यांच्या ओझ्याखाली दबलेला. अडोलिन त्याला वेढ्यात पत्ते खेळायला शिकवतो. एवढंच. बाहेर फौज, आत दोघं पत्ते पिसतायत. सगळ्या पुस्तकात मला सर्वांत जवळची वाटलेली जागा ही.

ही मालिका शपथांवर उभी आहे. शपथ घेतली की शक्ती मिळते, मोडली की जाते. अडोलिन म्हणतो, शपथ एकदा मोडली की संपली. पण दिलेला शब्द तुम्ही धडपडत असेतो जिवंत असतो. मराठी वाचकाला हे समजावून द्यायला नको. शपथ कोर्टात घेतात. शब्द आत्याच्या घरी ओट्यापाशी देतात.

रविवार, २६ जानेवारी

संपलं. पहाटे ३.१०. (इथून पुढे शेवट फोडलाय. ज्यांचं वाचायचंय त्यांनी आधी पुस्तक संपवावं.)

मी द्वंद्वाची वाट बघत होते. दहा दिवस, तेराशे पानं, आणि द्वंद्व होतच नाही. ओडियमनं डॅलिनारसमोर योद्धा म्हणून त्याचाच नातू आणून उभा केला, अध्यात्मलोकात वर्षानुवर्षं वाढवून, विष भरून. मारलं तरी हार, न मारलं तरी हार. डॅलिनार तोवर प्रतिष्ठेच्या देवाची सत्ता मिळवून बसलाय. तो ती सोडून देतो. शपथ मोडतो, जाणूनबुजून. ती सत्ता शत्रूच्याच पदरात पडते, शत्रू दुप्पट मोठा होतो, आणि म्हणूनच आजवर दुर्लक्ष करणारे बाकीचे देव त्याच्याकडे वळून बघणार. डॅलिनार मरतो.

पहिली दहा मिनिटं मी चिडले होते. फसवलं म्हणून. मग आजीची गोष्ट आठवली. झोपाळ्यावर बसून महाभारत सांगायची, मला आणि दादाला एकत्र, मे महिन्यात. कृष्णानं शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा केलेली, आणि भीष्मांसमोर अर्जुन ढिला पडलेला पाहून रथाचं चाक उचलून तो धावला. मी विचारायचे, म्हणजे देव खोटं बोलला? आजी म्हणायची, "त्यानं स्वतःची प्रतिज्ञा मोडली गं, माणसाला मोडू दिलं नाही." आणि झोपाळ्याला पायानं रेटा द्यायची.

तक्रार आहेच. कालादिनचा शेवट घाईत आलाय, इतकी पानं असून. आणि पुढे काय ते लवकर कळणारच नाही. दहा पुस्तकांचा बेत आहे, त्यातली पहिली पाच झाली, आणि सहाव्याच्या आधी लेखक मिस्टबॉर्न आणि एलांट्रिस या त्याच्या दुसऱ्या मालिकांची पुढची पुस्तकं लिहिणार आहे. अर्थात इथल्या माणसानं थांबण्याबद्दल बोलू नये. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली, ती १९६६ ला पुरी झाली. १९ खंड. ती एका बांधणीत मागायची कुणाची छाती झाली नाही, एवढं मात्र खरं.

सोमवार, २७ जानेवारी

दोन्ही भाग दादाला पाठवले. तोंडाला कुलूप.

रविवार, ९ फेब्रुवारी

रात्री दीडला फोन.

"झोपली होतीस?"

"नाही."

"चाक उचललं गं त्यानं."

मी काही बोलले नव्हते, कुठे पेन्सिलची खूणसुद्धा केली नव्हती. म्हटलं, "आजीचं?"

"आजीचंच."

मग अडीच वाजेपर्यंत भांडलो. 'थेरपिस्ट' त्याला अजिबात खटकला नाही, उलट मलाच तो शहाणपण शिकवायला लागला. अडोलिनबद्दल एकमत. मधल्या भागाबद्दल तो म्हणतो, कोडी सुटतात तोच खरा भाग, तुला घाई होती. नातवाची चाल त्याला स्वस्त वाटली. मला नाही. आईनं दाराशी येऊन विचारलं, कोण गेलं? डॅलिनार, मी म्हटलं. ती झोपायला गेली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तिन्ही भाग परत आले. पहिल्यावर चहाचा गोल डाग; तिरक्या पानाचं उट्टं निघालं म्हणतो. पाठी टणक आहेत, एकही पान सुटलेलं नाही. मधल्याचा पुठ्ठा सरळ.

काकांनी तिघांना मिळून एक खोका करायला सांगितलाय. मापं घेतली, पुठ्ठा दोन्ही अंगांनी वाकवून पाहिला, मग कापला. तरी खोका दोन मिलिमीटरनं कमी पडला. 'विंड' आणि 'ट्रुथ' आत बसतात, 'अँड' बाहेर राहतो. उद्या पुन्हा कापायचा.